काठीवरच्या खाचा

लेकीकडे आयर्लंडला गेले होते. तिथल्या एका खेड्यातल्या संग्रहालयात दोरीत ओवलेली वीतभर काठी पाहिली. तिथल्या बाई म्हणाल्या, "पूर्वी ही मुलांच्या गळ्यात असायची. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच. जितक्या खाचा, तितक्या मास्तरांच्या छड्या."

"आणि घरी बोललं तर?"

"घरी आई पाडायची खाच. मास्तरही गावानंच ठेवलेला, इंग्रजीसाठी."

त्या आईला स्वतःला इंग्रजीचा गंध नसणार. मला तिचा राग यायला हवा होता, पण येईना. माया म्हणावी की भीती?

"आजी, व्हॉट इज धिस?" नातीनं विचारलं. मी इंग्रजीतच सांगू लागले. तिला मराठी येत नाही. घरात मराठी बोललीस तर बघ, असं तिच्या आईला लहानपणी दटावायचे, ती मीच.