कमलमावशी आणि मापाच्या भांड्यावरची लाल रेघ

चारशे मिली.
हा आकडा मी पेशंटच्या चार्टवर लिहिला होता, आणि तो खोटा होता.

ज्यांनी तो पकडला त्या कमलमावशी आज सकाळी गेल्या.

मी आता नर्सिंगच्या पोरापोरींना पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीर कसं बिघडतं ते, शिकवतो. ही पोस्ट वाचून माझे विद्यार्थी हसतील. हसू द्या. सरांनीही एकदा माती खाल्ली होती, हे त्यांना कळलेलं बरं.

मी धर्माबादचा. नर्सिंगला ॲडमिशन घेतली तेव्हा गल्लीत सगळे विचारायचे, "पोरगं नर्स होनार म्हनं?"
तो राग मी पुस्तकावर काढला. लातूरच्या कॉलेजात बॉडी फ्लुइड्सच्या टेस्टला वर्गात पहिला आलो. सोडियम, पोटॅशियम, किडनी, सगळं तोंडपाठ. मोठ्या माणसाची लघवी तासाला तीस मिलीच्या खाली गेली की धोका, हे तर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

कमलमावशी, कॉलेजच्या हॉस्पिटलात आमची ड्युटी लागायची त्या वॉर्डातल्या आया. मूळच्या हिमायतनगरकडच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.
पेशंटच्या लघवीच्या पिशव्या भांड्यात रिकाम्या करायच्या आणि आम्हाला माप बघायला हाक मारायची, हे त्यांचं काम.

आकडे वाचता यायचे नाहीत, म्हणून त्यांनी भांड्यावर नेलपेंटनं एक लाल रेघ मारली होती. सकाळच्या ड्युटीत एखाद्याची लघवी त्या रेघेपर्यंत आली नाही, की सिस्टरला सांगायचं.
मी त्या रेघेला हसायचो. टॉपर होतो ना!

सात नंबर बेडवर जळकोटकडची संगीता होती. सोयाबीन काढताना घोणस चावलेली. वय माझ्याएवढंच. दीड वर्षाचं लेकरू आजीच्या कडेवर वॉर्डाच्या दारात.
विषावरची इंजेक्शनं झाली होती. ती बोलत होती, चहा मागत होती. सगळ्यांना वाटलं, सुटली पोरगी.

मावशींनी त्या दिवशी मला दोनदा हाक मारली.
"ब्रदर, सातचं माप बघून जा रे."
"आलो मावशी."
गेलो नाही.

सहा तासांचा चार्ट मी दोन मिनिटांत भरून टाकला. आम्ही सगळेच तसं करायचो. सहा नंबरच्या बेडला चारशे होते, म्हणून सातलाही चारशे.

दोन वाजता ड्युटी बदलताना मी सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखवलं, "बेड सात, आउटपुट चारशे."
मागं मावशी फरशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

सगळ्यांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. माझं मनगट धरलं आणि मागच्या मोरीत घेऊन गेल्या.
भांडं झाकून ठेवलेलं होतं. तळाशी जेमतेम पन्नास मिली. रंग कोऱ्या चहासारखा.

"सकाळपासून एवढंच हाय. रंग बघ. म्हून फेकलं न्हाई मी."
मी वाकून आकडा वाचला.
"मंग चारशे कुठून आनलास?"

मी म्हणालो, "मावशी, कॉलेजातून काढतील मला."
"काढतील तर काढतील. तिचं लेकरू दारात वाट बघून राहिलंय. मी सांगू का तू सांगतूस?"

मी सांगितलं.

डॉक्टर आले. संगीताच्या किडन्या बंद पडत चालल्या होत्या. संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. अजून उशीर झाला असता तर, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

सिस्टरनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण काढलं नाही. शिक्षा एकच. संगीता घरी जाईपर्यंत ड्युटीत दर तासाला तिची पिशवी मीच बघायची.

पहिले काही दिवस काहीच नाही. मग थोडं. मग थोडं जास्त.
आणि एका दुपारी मावशी भांडं हातात घेऊन मोरीतून ओरडत आल्या, "आली गं बाई! रेघेवर आली!"

अख्खा वॉर्ड हसला. संगीता रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. लघवी झाली म्हणून एवढी खूश झालेली माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर दर वर्षी नवी तूर निघाली की संगीता मावशींच्या घरी डाळ घेऊन यायची. लेकराला सोबत आणायची. आता ते आईच्या खांद्याला लागलंय.

रिटायर होताना मावशींनी ते जुनं भांडं माझ्या हातात दिलं.
"नवीन आलंय वॉर्डात. हे फेकून देनार होते. तुझ्या पोरांना दाव."
दर वर्षी माझ्या पहिल्या तासाला ते टेबलावर असतं. पुस्तक नंतर.

मागच्या आठवड्यात मावशी आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट झाल्या. हृदय थकलं होतं, अंगावर सूज आली होती. मी रोज जाऊन बसायचो.
परवा त्यांनी पिशवीकडं बोट केलं. "किती झालं रे?"
"होईल मावशी. बरंच आहे."

माझ्याकडं बघून गालात हसल्या.
"चारशे का?"

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदम.
"नाही मावशी. साठ."
"हां," म्हणाल्या. "आता बराबर."
आणि माझा हात थोपटला.

आज दुपारी त्यांना निरोप देऊन आलो. संगीता जळकोटहून लेकाला घेऊन आली होती.  पोरगा शेवटपर्यंत हात जोडून उभा होता.

उद्या फर्स्ट इयरची नवी बॅच पहिल्यांदा वॉर्डात जाणार आहे. भांडं घासून ठेवलंय. रेघ पुसट झाली होती, बायकोच्या नेलपेंटनं पुन्हा मारली.

मावशी, त्या दिवशी तुमच्या दोन हाकांना आलो नव्हतो.
उद्या मी सगळ्यात आधी मोरीत जाऊन उभा राहतो, माझ्या मागं चाळीस पोरं असतील.

जय भीम, मावशी.