बोहनीच्या आधी आलेली बाई

भूत म्हटलं की मला फक्त बायकोचे मामा आठवतात, कारण तेही नेमके जेवायच्या वेळी प्रकट होतात... एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. असलं काही मी कधी मानलं नाही. तरी हे लिहितोय.

औरादला बाजाराच्या रस्त्यावर माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. पोलिसांनी आम्हा काही दुकानदारांच्या काचेवर स्टिकर लावलंय — 'सुरक्षित जागा', वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. कुणी मारायला मागं लागलं तर माणसानं सरळ आत यायचं. आम्ही बसवून घ्यायचं आणि ठाण्यात फोन करायचा. त्या स्टिकरसोबतचा फोटो मी पाहुण्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला होता. पोट आत ओढून.

एका सकाळी दहाच्या सुमारास शटर उघडून उदबत्ती लावत होतो. दारात एक बाई. अनवाणी, ओठ फुटलेला, पदरावर रक्त.

"अण्णा, हे चिकटवलेलं बघून आले. नवरा मागं यायलाय. आत घ्या."

आणि मी काय म्हणालो? "अक्का, अजून बोहनी व्हायची हाय. पायरीवर बसा जरा, फोन लावतो."

पहिल्या गिऱ्हाइकाआधी दुकानात रक्त नको, असं आमच्याकडे पाळतात. मीही पाळलं.

फोन करून वळलो तर पायरी रिकामी. तेवढ्यात नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात गुटखा.

"शेठ, आमची मंडळी आली काय हिकडं? डोकं फिरलंय तिचं. घरचा मामला हाय." हसत होता. बाहीला बांगडीची काच अडकलेली.

"न्हाई," म्हणालो. त्यानं स्वतःच ट्रायल रूमचा पडदा ओढला. त्याच्या खांद्यावरून मीही बघितलं — आरसा, स्टूल, खुंटी. बस्स. जाताना तो माझ्या पायरीवर थुंकला.

दहा मिनिटांत महिला हवालदार आल्या. "कुठं हाय बाई?"

"गेली वाटतं..." मी म्हणतोय तोवर पडदा हलला. ती त्याच स्टुलावर बसलेली. ओठावरचं रक्त पुसलेलं.

"तुमच्या दुकानातल्या अक्कांनी हात धरून आत नेलं," ती मला म्हणाली. "माझ्या तोंडावर हात ठेवून बसल्या व्हत्या. हलू नको म्हणाल्या. हात लई गार व्हता."

दुकानात मी एकटाच असतो. मागं दार नाही.

नवरा बसस्टँडवर सापडला. बाई आता खटकचिंचोळीला माहेरी आहे, बरी आहे. माझा मात्र ठाण्यात सत्कार झाला आणि मी तो निमूट घेतला! घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ही शाल त्या पडद्यामागच्या अक्काची. तुम्ही कामून पांघरून बसलात?"

शाल ट्रायल रूमच्या खुंटीला टांगली आहे. पडद्यामागं कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. पायरीवर कुणी बसवलं, ते येतं. रोज शटर उघडायच्या आधी ती पायरी धुतो, तरी किळस जात नाही... गुटख्याची म्हणावी, तर तो डाग पहिल्याच दिवशी निघाला होता.