नळीतले थेंब

नाथादादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी उरणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत, गाडीत एसी लावून बसलो होतो. फोन ठेवला आणि आधी तो एसी बंद केला. चूक सुधारण्यात मी असा तत्पर... माणूस गेल्यावर.

दादा माझा चुलतभाऊ. जन्म मिठागरात गेला, छाती निकामी झाली आणि डॉक्टरांनी घरी श्वासाचं मशीन दिलं. त्यात पाण्याचं भांडं. पाणी तापायचं, त्याची वाफ हवेत मिसळून नळीतून त्याच्या तोंडावरच्या मास्कमध्ये जायची. मी ट्रकधंद्यातला मोठा माणूस, हात हलवत कसा जाणार? भर वैशाखात त्याच्या खोलीत एसी बसवला, अठरावर ठेवला आणि कुणी हात लावू नये म्हणून रिमोट उंच फळीवर टाकला.

चार दिवसांनी नळीत थेंबच थेंब. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, बघा कसा ओलावा मिळतोय. दादाने मास्क बाजूला केला.

"बाल्या, पानी नलीत हाय. माझ्यात न्हाय. तो गारवा बंद कर."

मी हसलो. म्हटलं, उन्हात भाजायची सवय तुला, सुख टोचतंय. कुठल्या हवेत पाणी उडतं आणि कुठल्या हवेत बसून राहतं, यावर ज्याने हयातभर मीठ पिकवलं, त्याला मी वाफ शिकवत होतो. मीही त्याच मिठागराच्या बांधावर वाढलो, हे आता सांगवत नाही.

आठवड्याने मशीनचा माणूस तपासणीला आला. नळी हातात धरून त्याने एसीकडे पाहिलं. खोली गार म्हणून नळी गार, वाफेचं वाटेतच पाणी होतं, छातीत जाते ती कोरडी हवा, कफ घट्ट बसतो... सगळं शांतपणे सांगितलं. एसी बंद करा, नळीवर कापडाची खोळ चढवा. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. दादानेही नाही. त्याच संध्याकाळी कफ अडकला, दवाखान्यात नेलं, तिथून तो आला नाही. फुप्फुसं संपलीच होती, असं डॉक्टर म्हणाले. भला माणूस. तेराव्याला चार जणांनी पाठ थोपटली, भावासाठी एसी लावणारा म्हणून. मी मान खाली घालून जेवलो.

परवा दादाच्या घरी गेलो. मशीन परत गेलंय. वहिनी खाटेवर बसून खोळ शिवत होती, दादाच्या जुन्या लुंगीची. मशीनचा माणूस सांगून गेला त्या दुपारी शिवायला घेतलेली. शेवटचे टाके राहिले होते. आता कशाला, असं माझ्या तोंडून गेलंच.

"अर्धीच ठेवू व्हय?" म्हणाली. दोरा दाताने तोडला आणि खोळ माझ्यापुढे धरली. "हात घाला भावजी. ऊब राहते का बघा."

कोपरापर्यंत घातला... राहते.