मला फक्त समजून घ्यायचंय

चष्मा कपाळावर सरकवून ती “मला फक्त समजून घ्यायचंय” म्हणाली, की इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसातले मॅनेजर पाण्याचा ग्लास शोधू लागायचे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. मीटिंग संपत आली की यांचे प्रश्न सुरू होतात.

ती मूळची नागपूरची, राहायला हाउन्सलोला, कामाला आमची टेस्टिंग लीड. आईचा फोन आला की मोठ्यानं “जय भीम” म्हणायची. शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्याला कित्येक महिने ते तिच्या नवऱ्याचं नाव वाटत होतं. ख्रिसमस पार्टीत त्यानं नवऱ्याला तशी हाकही मारली. नवऱ्यानं हसून “जय भीम” म्हटलं आणि हात पुढे केला.

मॅटर्निटी लीव्ह संपवून ती परतली, तर तिचं काम एका नव्या गोऱ्या माणसाकडे गेलेलं. थोड्याच दिवसांत ‘रिस्ट्रक्चरिंग’ झालं आणि त्यात नोकरी फक्त तिचीच गेली.

मॅनेजर म्हणाला, “तुझं बोलणं क्लायंटना जरा आक्रमक वाटतं. शिवाय आता घरी बाळ आहे.”

“बाळ क्लायंटशी बोलणार नाहीये,” ती म्हणाली.

तिनं केस केली. बाई म्हणून आणि वंशावरून भेदभाव केला, असा दावा. वकील घेतला नाही, स्वतःच उभी राहिली. मी साक्षीला येतो म्हणालो, तर मलाच थांबवू लागली.

“अरे, नीट विचार कर. तुझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे.”

“केलाय विचार.”

“मग टाय घालून ये. असा आलास तर कोण विश्वास ठेवेल?”

रेडिंगच्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टात, तिनं मॅनेजरला शांतपणे विचारलं, “माझ्या जागी आलेले गृहस्थ हेच प्रश्न विचारतात. त्यांना तुम्ही काय म्हणता?”

“काटेकोर,” तो बोलून गेला.

“आणि मला आक्रमक. फरक काय?”

तो कंपनीच्या वकिलाकडे पाहू लागला. वकील कागदांत पाहू लागला.

निकाल तिच्या बाजूनं लागला. कंपनी परत घ्यायला तयार होती, पण ती नको म्हणाली. “आता सगळे माझ्याशी जपून बोलतील. मग मी भांडू कुणाशी?”

आम्ही एकाच ट्रेननं निघालो. आता सगळी केस पुन्हा ऐकावी लागणार, अशी माझी तयारी होती. पण वोकिंगमच्या आधीच ती बूट काढून, खिडकीला डोकं टेकून झोपली. मला ब्रॅकनेलला उतरायचं होतं, तिला पुढे, हाउन्सलोसाठी फेल्टमला. मी हळूच तिच्या नवऱ्याला फोन लावला, म्हटलं, फेल्टमच्या आधी तिला फोन करून उठव.

“नको, झोपू दे,” तो म्हणाला. “मी शेवटच्या स्टेशनावर, वॉटर्लूला जाऊन घेऊन येतो.”