मांजराचा रंग

माझी लेक सई आज क्लासवरून उशिरा आली. "कुठे होतीस?" म्हटलं, तर म्हणाली, "मीराकडे. तिची आजी मेथी निवडत बसली होती. शिलाई मशीनवर मांजर झोपलं होतं आणि त्याचं शेपूट पार चाकापर्यंत लोंबत होतं. त्याला उठवायचं नाही म्हणून मीराचा फ्रॉक तसाच उसवलेला पडलाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गोष्ट लिहिताना नुसतं 'घरी गेलो' लिहू नकोस, तिथे काय दिसलं, कसला वास आला ते लिही, हे तिला मीच शिकवलंय. शाळेत चौथीच्या मुलांनाही हेच शिकवते. पण आता मला या भरगच्च वर्णनाचीच शंका यायला लागली आहे. खरंखुरं घडलेलं इतकं नटूनथटून येतं का? मी बाजारातून आल्यावर कुणी विचारलं, तर मी म्हणते, "काही नाही, नेहमीचंच." शेपटाबिपटाकडे लक्ष कुणाचं असतं?

"मांजराचा रंग कोणता होता गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने क्षणभर आठवून पाहिलं. "नाही लक्षात, आई."

माझा जीव भांड्यात पडला. बनवून सांगणारीने रंग लगेच सांगितला असता.

भाजी फोडणीला टाकताना आठवलं. परवाच तिची गोष्ट वाचून मी म्हणाले होते, "सगळंच सांगू नये, सई. एखादी गोष्ट आठवत नाही म्हणावं. मग वाचणाऱ्याचा लगेच विश्वास बसतो."