आमदारांची रिकामी खुर्ची

माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्त टळत होता, भटजी घसा खाकरत होते आणि मी मात्र मान उंच करून मांडवाच्या दारात उभी होते. मुलाकडची मंडळी घाटावरची. त्यांच्या तालुक्याचे आमदार येणार होते. आमच्या उमेळ्याच्या वाडीत, केळीच्या खुंटांच्या मांडवात, खराखुरा आमदार! नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना घामाने डबडबलेली, आणि मी म्हणतेय, "थांबा हो, साहेब पुलापर्यंत आलेत." मांडवाच्या दारातली ती तेव्हाची मी आज मला भेटली तर तिची नथ ओढून विचारीन, "अगं, लग्न मुलीचं आहे की तुझं?"

साहेब आले. एका कंत्राटदाराच्या लांबलचक गाडीतून उतरले, अक्षता टाकल्या, जिलब्या खाल्ल्या. त्यांच्याबरोबरचा फोटो मी वर्षभर आल्यागेल्याला दाखवला. त्यात आमदार आहेत, मी आहे, नवरीचं फक्त कोपर आहे.

पुढे एकदा जेवता जेवता व्याह्यांनी सांगितलं, त्या दिवशी अधिवेशन चालू होतं. तालुक्यातल्या बंधाऱ्याचं काम निकृष्ट झालं, असा प्रश्न साहेबांनी स्वतःच लावला होता. सभागृहात प्रश्न पुकारला, तर विचारणारेच जागेवर नाहीत. प्रश्न बुडाला. बंधारा बांधला होता त्याच कंत्राटदाराने, ज्याच्या गाडीतून साहेब आमच्या दारात उतरले.

"विहीणबाई, तुमच्या मांडवाने मोठी सोय केली हो त्यांची," व्याही म्हणाले आणि भातावर वरण ओतून घेतलं. मी तो फोटो कपाटात साड्यांखाली सारला.

मागच्या निवडणुकीत वसई कोर्टातला एक वकील अपक्ष उभा राहिला. आमच्या शेजारणीची जमीन एका बिल्डरने घशात घातली होती, ती यानेच सोडवली होती. त्या खटल्यात समोरच्या बाजूकडून त्याला 'गप्प राहायचं काय घ्याल, विचार करा' असा निरोप आला, तेव्हा याने तो निरोप भर कोर्टात न्यायाधीशांना सांगितला. तेव्हापासून त्याचं मला फार कौतुक. राज्यात ठिकठिकाणी लोक अशी माणसं हुडकून उभी करत होते. अख्खी विधानसभा काही आमच्या हातात नव्हती. एक खुर्ची होती. म्हणून आम्ही वाडीतल्या बायका त्याच्या प्रचाराला निघालो.

उमेदवार म्हणून तो अगदीच कच्चा होता. हात हलवायचा तो रिक्षा थांबवल्यासारखा. एकदा तर खरंच एक रिक्षा थांबली.

मनवेलपाड्याला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा होती. इमारती खूप, मतं खूप. टँकरच्या पाण्यावर तो छान बोलला. लोक माना डोलवत होते. मग पुढच्या रांगेतली एक बाई उठली.

"सर, पाण्याचं पटलं. पण डिसेंबरमध्ये माझ्या मुलाचं लग्न आहे. येणार ना?"

"डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन असतं, ताई. नाही येणार."

"पाच मिनिटंपण नाही?"

"अधिवेशन चालू असताना कुणाच्याच लग्नाला नाही. संपलं की घरी येईन. चहा दिलात तर पिईन."

मागून कोणीतरी म्हणालं, "आत्ताच एवढा ॲटिट्यूड, मग निवडून आल्यावर काय?" खुर्च्या सरकू लागल्या. आमच्याकडे आमदार कसा, तर लग्नाला येणारा, हळदीला जेवणारा, दहाव्याला डोळे पुसणारा. तो तिकडे मुंबई-नागपुरात काय करतो, हे कोण बघायला जातंय?

मी त्याच्या कानाशी लागले. "अरे बाबा, 'बघू' म्हणायला काय जातं तुझं?"

"आजी, लोक 'बघू'चा अर्थ 'येईन' असाच घेतात ना?"

मी गुडघे सावरत उठले आणि माईक धरला. भाषण मला येत नाही, म्हणून माझ्याच फजितीची गोष्ट सांगितली. अंतरपाट, घाम, लांबलचक गाडी, जिलब्या, बंधारा, सगळं. मान उंच करून कशी उभी होते तेही करून दाखवलं. पार्किंगभर हशा उठला. पुढच्या रांगेतली ती बाई डोळे पुसत म्हणाली, "आजी, फोटोत नवरी नाहीच?"

"कोपर आहे," मी म्हटलं.

"मग सर, तुम्ही नकाच येऊ," ती त्याला म्हणाली, "मला पोरगा पूर्ण पाहिजे फोटोत."

तो निवडून आला. काठावर, पण आला.

यंदा डिसेंबरात माझ्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा म्हणाला, "आई, पत्रिका तरी द्यायलाच हवी." मी स्वतः गेले. जित्याजागत्या माणसाची परीक्षा घ्यायची माझी खोड जुनी. तोंड गंभीर करून म्हटलं, "यायलाच हवं हं. तुमच्यासाठी मुहूर्त थांबवू."

त्याने पत्रिका वाचली, वाकून नमस्कार केला. येतो की नाही ते सांगायच्या आत दारात आलेल्या माणसांनी त्याला घेरलं.

नंतर कळलं की नेमका लग्नाच्याच सकाळी सभागृहात त्याचा टँकरचा प्रश्न लागलाय, आणि टँकरवाल्यांची माणसं त्याच्या घरी चकरा मारताहेत. थट्टा करता करता मीच पुन्हा एका आमदाराला लग्नाचं निमित्त काढून दिलं होतं!

लग्नाच्या दिवशी मुलाने पुढच्या रांगेत त्याच्यासाठी गादीची खुर्ची मांडली. मुहूर्त जवळ आला आणि फाटकापाशी एक पांढरी गाडी थांबली. "आले वाटतं!" जाऊबाई ओरडल्या. नको रे बाबा, येऊ नकोस, म्हणत मी फाटकाकडे बघत राहिले. दार उघडलं. आइस्क्रीमचे डबे घेऊन केटररचा माणूस उतरला. इतक्या प्रेमाने मी आजवर कुठल्याच केटररकडे पाहिलं नसेल.

"आई, इकडे ये लवकर!" मुलाने हातातला मोबाइल पुढे केला. नागपूरचं सभागृह दिसत होतं. प्रश्न पुकारला गेला आणि हा आपल्या जागेवर उभा राहिला. टँकर कुणाचे, पाणी कुठल्या विहिरींचं, तपासलं कुणी, एकेक करून विचारत गेला. मंत्री म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. हा खाली बसेना. "कधीपर्यंत, ते सांगा," म्हणाला. आवाज जरा कापत होता, पण उभा होता.

"थांबवायचं का?" भटजींनी मला विचारलं. त्यांनाही जुनी हकिकत माहीत होती.

"कुणासाठी?" मी म्हटलं. "वाजवा!"

अंतरपाट वेळेवर सरला. मूठभर अक्षता मी नातीवर आणि नातजावयावर टाकल्या, आणि उरलेले चार दाणे त्या मोबाइलवर.

"आई, काच!" मुलगा ओरडला.

मी जाऊन त्या गादीच्या खुर्चीत बसले. माझे गुडघे दुखत होते, आणि ज्याची ती खुर्ची होती तो कामावर होता.