आईच्या अंगठीसाठी दिवेआगरची वाळू

दिवेआगरहून परतताना ताम्हिणी घाटात आईनं बोट चाचपलं, "अगं बाई, अंगठी!" म्हणाली आणि पुण्यात वारजं येईपर्यंत पर्स उपसत राहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिनं केलेली अंगठी होती ती. आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मला काही बघवेना. ऑफिसातल्या एकानं परदेशातल्या ऑनसाइट कामावरून येताना हौसेनं मेटल डिटेक्टर आणला होता. तो मागून घेतला आणि शनिवारी पहाटे आम्ही तिघं पुन्हा निघालो.

"एवढा मोठा समुद्र," बाबा चांदणी चौकातच सुरू झाले. "कुठून सुरुवात करणार आहात आपण?"

तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल माणगावातच भरून घ्या, आणि पुढे रस्ता अरुंद आहे, जपून चालवा. आम्ही जेवलो त्या घरी आदल्या दिवशी फोन केला तर मोदक करून देतात. महाग आहेत, पण अजिबात सोडू नका.

ओहोटी होती. मागच्या वेळी आई गुडघाभर पाण्यात उभी होती तिथेच पडली असणार, असं तिघांचंही मत. पण ओल्या खाऱ्या वाळूवर ते यंत्र उगाचच कुईकुई करतं, हे मला तिथे कळलं. बाटल्यांची झाकणं निघाली, एक चमचा निघाला.

"चला, संसाराला सुरुवात झाली," बाबा म्हणाले.

आई हसली नाही.

जेवताना मी मागच्या वेळचे फोटो मोठे करून बघत बसले. शेवटच्या फोटोत आई पाण्याबाहेर येऊन शहाळं पितेय आणि बोटात अंगठी चक्क दिसतेय!

"आई, पाण्यात पडलीच नाही गं!"

मग शहाळेवाल्यापासून गाडीपर्यंतची कोरडी वाळू पालथी घातली. हाती काही लागलं नाही. आई म्हणाली, "पुरे आता. उन्हात किती फिरशील?" रडू यायचंच बाकी होतं मला.

गाडीशी आलो तर बाबांचा नेहमीचा हुकूम: "पाय झटकल्याशिवाय आत बसायचं नाही." घरातली पहिली नवी गाडी, आत वाळूचा कण चालत नाही. आई मुकाट वाकली आणि तळहातानं खसाखसा पाय झाडायला लागली. मी ओरडलेच, "थांब! मागच्या वेळीही असेच पाय झाडले होतेस, तेव्हा गाडी कुठे लावली होती?"

बाबांनी पलीकडचं सुरूचं झाड दाखवलं. तिथे आधी एक गंजका खिळा निघाला. दुसऱ्यांदा यंत्र वाजलं तेव्हा आईच खाली बसून हातांनी उकरायला लागली, आणि अंगठी मुठीत धरून तिथेच रडली. बाबा तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

खड्डे बुजवून निघालो. रात्री घरी पोचल्यावर आई पोटभर जेवली. मी म्हटलं, "एवढं काय गं, दुसरी केली असती."

"दुसरी तू केली असतीस," ती म्हणाली. "ही मी केली होती."

माझा पहिला पगार तिच्या पहिल्या पगारापेक्षा कितीतरी मोठा होता. थेट बँकेत जमा झाला होता. त्याचं काय केलं, ते मी झोपेपर्यंत आठवून बघत होते. आठवलं नाही.